मीटिंग ‘पुश बॅक’ झाली म्हणजे नक्की कुठे गेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिंजवडीतल्या कंपनीत चार वर्षे काम, क्लायंट अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये. रोजच्या कॉलवर ‘कम्प्लीट’, ‘पोस्टपोन’, ‘इन्व्हेस्टिगेट’ म्हटले की आपलेच बोलणे पुस्तकी वाटते. समोरची मंडळी मात्र ‘रॅप अप’, ‘पुश बॅक’, ‘लुक इंटू’ सहज बोलून जातात. ऐकताना अर्थ लागतो, पण स्वतः वापरायला गेले की जीभ अडखळते, आणि एकदा तारखेचा घोळही झाला. अशी जोडक्रियापदे (फ्रेजल व्हर्ब्स) किती शिकायची आणि कुठून सुरुवात करायची?

मीटिंगपुरती तीसेक पुरतात. सुरुवात मात्र तारखेच्या घोळापासूनच करा. ‘पोस्टपोन’ म्हटल्याने कुणाचे काही बिघडत नाही, पण ‘पुश फॉरवर्ड’ म्हटल्याने रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर वापरात आणण्याची तारीख, चुकू शकते.

मराठीत आपण मीटिंग ‘पुढे ढकलतो’. ती मंगळवारची शुक्रवारी जाते. हाच ‘पुढे’ डोक्यात ठेवून इंग्रजी बोलायला गेलो की तोंडातून ‘पुश फॉरवर्ड’ किंवा ‘मूव्ह फॉरवर्ड’ येते. इंग्रजीत मात्र दिशा उलटी आहे. तारीख उशिराची करणे म्हणजे ‘पुश बॅक’, आणि अलीकडे आणणे म्हणजे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा ‘मूव्ह अप’. मराठी माणसाने रिलीज ‘फॉरवर्ड’ नेली की त्याच्या मनात शुक्रवार असतो आणि ऐकणारा सोमवारची तयारी करायला लागतो. गंमत अशी की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही इथे गोंधळ होतो. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना विचारले होते, पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली आहे, तर ती आता कोणत्या वारी? उत्तरे सोमवार आणि शुक्रवार अशी दोन गटांत विभागली गेली. म्हणजे केवळ व्याकरण सुधारून हा प्रश्न सुटणारा नाही. ‘प्रीपोन’, म्हणजे वेळ अलीकडे आणणे, भारतात सगळ्यांना कळतो, बाहेर अनेकांना कळत नाही.

म्हणून नियम एकच ठेवा: वेळ बदलताना क्रियापद कोणतेही वापरा, पण जुना वार आणि नवा वार दोन्ही त्याच वाक्यात सांगा. ‘वी आर पुशिंग द रिलीज बॅक थ्री डेज, फ्रॉम ट्यूज्डे द ट्वेल्फ्थ टु फ्रायडे द फिफ्टीन्थ.’ ‘फ्रॉम’ आणि ‘टु’ आले की ‘बॅक’चा अर्थ कुणी कसाही लावला तरी नुकसान होत नाही. ‘नेक्स्ट फ्रायडे’ही टाळा. हा शुक्रवार की पुढच्या आठवड्यातला, यावर एकाच ऑफिसात दोन मते निघतात.

घड्याळांचाही विचार करा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमध्ये हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. आपली घड्याळे आहेत तिथेच राहतात. न्यूयॉर्कला सकाळी ९ वाजता असलेला कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला असतो, हिवाळ्यात ७:३० ला. तिथे घड्याळ ‘फॉल बॅक’ होते आणि आपला कॉल उशिरा जातो. त्या आठवड्यात ‘द कॉल मूव्ह्ज’ एवढेच बोलून थांबू नका, भारतीय वेळही बोला आणि निमंत्रणात लिहा.

याच ‘पुश बॅक’मध्ये दुसरा खड्डा आहे. ‘द क्लायंट पुश्ड बॅक द डेट’ म्हणजे क्लायंटने तारीख उशिराची केली. ‘द क्लायंट पुश्ड बॅक ऑन द डेट’ म्हणजे क्लायंटने त्या तारखेला हरकत घेतली. मधल्या एका ‘ऑन’ने निर्णयाची हरकत झाली. आणि पुढे काहीच न जोडता नुसते ‘दे पुश्ड बॅक’ म्हटले तर त्याचा अर्थ विरोध केला असाच घेतला जातो. मीटिंगचा वृत्तांत लिहिताना हा ‘ऑन’ गळाला तर वाचणारा समजेल की मुदत वाढवून मिळाली.

उशीर सांगणारी आणखी चार क्रियापदे आहेत. ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, पण त्यात टाळाटाळीची छटा येऊ शकते. ‘वी पुट ऑफ द टेस्टिंग’ ऐकून मॅनेजर ‘का?’ विचारणारच. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्दच, नवी तारीख नाही. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे मुद्दाम थांबून राहणे. ‘वी आर होल्डिंग ऑफ ऑन द मायग्रेशन अनटिल द बॅकअप फिनिशेस’ यात निर्णय तुमचा आहे. ‘हेल्ड अप’ म्हणजे कुणामुळे तरी अडकून पडणे: ‘द मायग्रेशन इज हेल्ड अप बाय ॲक्सेस रिक्वेस्ट्स.’ काम दोन्हीकडे थांबलेले आहे, पण पहिल्या वाक्यात तुम्ही विचार करून थांबला आहात आणि दुसऱ्यात तुम्हाला मदत हवी आहे. अपडेट ऐकणारा नेमके हेच शोधत असतो.

आता जबाबदारीची क्रियापदे. इथे लोक नकळत जास्त कबूल करतात किंवा अगदीच कमी. ‘आयल लुक इंटू इट’ म्हणजे लक्ष घालतो. यात फक्त पाहण्याचे वचन आहे, उत्तराचे नाही. ‘आयल फाइंड आउट’ म्हणजे माहिती मिळवून सांगतो. ती माहिती कुणाकडे तरी किंवा कुठल्या तरी लॉगमध्ये आहे, मी ती आणणार. ‘आयल फिगर इट आउट’ म्हणजे उत्तर तयार नाही, डोके लावून काढणार. आणि ‘आयल सॉर्ट इट आउट’ म्हणजे प्रश्न मिटवूनच टाकतो. या चार पायऱ्या आहेत. चौथी पायरी तोंडातून निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही पहिल्यावरच असलात तर समोरच्याला तुम्ही शब्द फिरवला असे वाटेल. काही माहीत नसताना ‘लुक इंटू’च योग्य, पण त्याला वेळ जोडा: ‘आयल लुक इंटू इट अँड गेट बॅक टु यू बाय फोर पीएम युवर टाइम.’

‘गेट बॅक टु’ नंतर व्यक्ती येते, ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ नंतर विषय. ‘फॉलो अप’चेही तसेच: ‘फॉलो अप विथ’ माणसाशी, ‘फॉलो अप ऑन’ मुद्द्याबाबत. ‘आय फॉलोड अप विथ द सिक्युरिटी टीम ऑन द फायरवॉल रिक्वेस्ट’ हे वाक्य एकदा तोंडात बसले की निम्मे अपडेट त्यावर निभावते. ‘फॉलो अप’ म्हणजे उत्तर देणे नव्हे, आधी झालेल्या बोलण्याचा पाठपुरावा करणे. पहिल्यांदाच मेल पाठवताना ‘फॉलोइंग अप’ लिहिले तर समोरचा आपला आधीचा मेल शोधत बसेल. आणि ‘सर्कल बॅक’? त्याची घाई करू नका. तारखेशिवाय ‘लेट्स सर्कल बॅक’ म्हणजे ‘बघू नंतर’. शोभिवंत इंग्रजीत टाळलेले काम टाळलेलेच राहते.

काम घेण्यादेण्यातही फरक सांभाळा. ‘टेक ऑन’ म्हणजे नवी जबाबदारी अंगावर घेणे, ‘पिक अप’ म्हणजे रांगेतले पुढचे टिकेट (नोंदवलेले काम) उचलणे. ‘टेक ओव्हर’ म्हणजे दुसऱ्याच्या हातून काम पूर्ण आपल्याकडे घेणे. सहकाऱ्याला चार दिवस हातभार लावायचा असताना ‘आयल टेक ओव्हर द टेस्टिंग’ म्हटले तर तो बाजूला झाला असे सगळ्यांना वाटते, त्यालाही. तिथे ‘आयल हेल्प आउट विथ द टेस्टिंग’ म्हणा, आणि तो रजेवर असेल तर ‘आयल कव्हर फॉर हिम’. ‘रॅप अप’ शेवटचे थोडे काम उरले असेल तेव्हाच वापरा. अर्धे टेस्टिंग बाकी असताना ‘वी आर रॅपिंग अप’ म्हणणे ही चुकीची माहिती आहे. या स्प्रिंटमध्ये (ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यात) न झालेले काम पुढच्यात गेले तर ‘टू टिकेट्स आर कॅरीइंग ओव्हर’. एवढे म्हटले की पुरते.

रिलीजच्या दिवशी ‘बॅक आउट’ जपून वापरा. ‘वी बॅक्ड आउट द चेंज’ म्हणजे केलेला बदल मागे घेतला, सिस्टिम पूर्ववत केली. ‘वी बॅक्ड आउट ऑफ द चेंज’ म्हणजे बदल करायचे ठरले होते, त्यातून आम्ही अंग काढून घेतले. पुन्हा तेच, एका ‘ऑफ’चा खेळ. शंका असेल तेव्हा ‘रोल बॅक’ म्हणा. तो स्वच्छ शब्द आहे.

व्याकरणातली एकच गोष्ट रोज लागते, ती म्हणजे ‘इट’ची जागा. ‘सेट अप’, ‘कॉल ऑफ’, ‘रोल बॅक’, ‘पॉइंट आउट’, ‘रूल आउट’ यांसारख्या क्रियापदांत नाम मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालते: ‘कॉल ऑफ द डेमो’, ‘कॉल द डेमो ऑफ’. पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘कॉल इट ऑफ’, ‘सेट इट अप’, ‘रोल इट बॅक’. ‘रोल बॅक इट’ ऐकताच चूक लक्षात येते. दुसऱ्या गटात ‘लुक इंटू’, ‘गो ओव्हर’, ‘रन इंटू’, ‘कम अप विथ’, ‘फॉलो अप ऑन’, ‘रन आउट ऑफ’ येतात. ती फोडायची नाहीत, ‘इट’ शेवटीच: ‘लुक इंटू इट’, ‘गो ओव्हर इट’. ‘रन बाय’ वेगळे आहे, त्यात वस्तू नेहमी मध्ये ठेवा: ‘कॅन आय रन द डिझाइन बाय यू?’ म्हणजे एकदा तुमच्या नजरेखालून घालू का. नाम लांबलचक असेल तर मात्र ते मध्ये कोंबू नका. ‘कॉल द डेमो वी हॅड प्लॅन्ड फॉर द फायनान्स टीम ऑफ’ यातला ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा दमतो.

प्रत्येक नवे क्रियापद वहीत लिहिताना त्यासोबत ‘इट’ घालूनच लिहा. ‘सेट अप’ असे नको, ‘सेट इट अप’ असे. यादी पाठ करणाऱ्यांची चूक इथेच होते. त्यांना अर्थ येतो, पण बोलताना ‘इट’पाशी गाडी अडते.

याला जोडूनच लिहिण्यातली चूक. ‘सेटअप’, ‘बॅकअप’, ‘रोलबॅक’, ‘लॉगिन’ ही जोडून लिहिली की नामे. क्रियापद म्हणून ती दोन सुटे शब्द असतात, आणि काळाचा प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो. ‘रोलबॅक्ड’, ‘बॅकअप्ड’, ‘लॉगिन्ड’ चॅटवर सर्रास दिसतात. बरोबर रूपे ‘रोल्ड बॅक’, ‘बॅक्ड अप’, ‘लॉग्ड इन’. बोलतानाही फरक आहे: नामात जोर पहिल्या भागावर, ‘सेट’वर. क्रियापदात तो शेवटच्या शब्दावर येतो, ‘सेट इट अप’मध्ये ‘अप’वर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना साधारण सारखाच जोर देतो, त्यामुळे हा ‘अप’ किंवा ‘ऑफ’ दबून जातो. खराब लाइनवर ऐकणाऱ्याला नुसते ‘कॉल’ ऐकू येते, आणि ‘कॉल’ व ‘कॉल ऑफ’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. शब्द जोडून म्हणायची सवय करा: ‘कॉल इट ऑफ’ हे ‘कॉलिटॉफ’ असे येते, ‘वर्क इट आउट’ हे ‘वर्किटाउट’. दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणा, शेवटचे अक्षर उचलून.

हा शेवटचा छोटा शब्द नेमके काय करतो, हे मराठी माणसाला समजायला खरे तर सोपे आहे. ‘लिहिणे’ आणि ‘लिहून काढणे’ यांत काय फरक? ‘उरक’ आणि ‘उरकून टाक’ यांत? आपली ‘काढणे’, ‘टाकणे’, ‘राहणे’ ही क्रियापदे तिथे जे काम करतात, तेच इंग्रजीतले ‘आउट’, ‘अप’, ‘ऑन’ अनेकदा करतात. ‘फाइंड आउट’, ‘फिगर आउट’, ‘वर्क आउट’ यांतला ‘आउट’ म्हणजे ‘शोधून काढ’मधला ‘काढ’. ‘रॅप अप’, ‘फिनिश अप’, ‘यूझ अप’ यांतला ‘अप’ म्हणजे ‘संपवून टाक’मधला ‘टाक’. ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’ यांतला ‘ऑन’ म्हणजे ‘करत राहा’मधला ‘राहा’. हा ताळा सगळीकडे बसत नाही. ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणे, तिथे काहीही संपत नाही. पण नवे क्रियापद ऐकले की आधी हा ताळा लावून पाहा, निम्म्या वेळा अर्थ हाती लागतो. ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे मागे पडणे आणि ‘टेक अवे’ म्हणजे घेऊन जाणे, हे तर शब्दशः आपलेच.

उलट काही ठिकाणी आपण नको तो शब्द चिकटवतो. ‘कोप अप विथ’ नव्हे, ‘कोप विथ’. ‘डिस्कस अबाउट’ नव्हे, नुसते ‘डिस्कस’. ‘रिव्हर्ट’ आपल्याकडे उत्तर देणे या अर्थाने चालतो, पण बाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे. सॉफ्टवेअरच्या टीमला ‘आयल रिव्हर्ट टुमारो’ लिहिले तर ते बदल मागे घेणार असे समजू शकतात. ‘पास आउट’चा अर्थ भारताबाहेर बेशुद्ध पडणे असा घेतात, म्हणून ओळख करून देताना ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. आणि काही ठिकाणी हवा तो शब्द आपण गाळतो: फोन ‘पिक’ करत नाहीत, ‘पिक अप’ करतात. सर्व्हर ‘ऑन’ करत नाहीत, ‘टर्न ऑन’ करतात. ‘लुक फॉरवर्ड टु’ नंतर ‘मीट’ नको, ‘मीटिंग यू’ हवे.

आता एक पूर्ण अपडेट पाहा. रोजची स्क्रम मीटिंग, म्हणजे टीमने कामाची स्थिती सांगण्याची छोटी बैठक, १५ मिनिटांची. आठ जण असतील तर प्रत्येकाला दोन मिनिटेही मिळत नाहीत, त्यामुळे चार-पाच वाक्यांत सगळे यायला हवे.

‘आय रॅन इंटू अ परमिशन्स एरर ऑन द पेमेंट सर्व्हिस यस्टरडे. आयव्ह रूल्ड आउट द नेटवर्क. आयम होल्डिंग ऑफ ऑन द डेटा लोड अनटिल द ॲक्सेस कम्स थ्रू. आय फॉलोड अप विथ द सिक्युरिटी टीम धिस मॉर्निंग, अँड दे विल गेट बॅक टु मी बाय थ्री. इफ दॅट फॉल्स थ्रू, आयल ब्रिंग इट अप इन द फोर ओ’क्लॉक कॉल.’

‘रॅन इंटू’ने अडचण अचानक समोर आली हे कळते. ‘रूल्ड आउट’ म्हणजे तपासून वगळले. नुसता अंदाज असेल तर हे क्रियापद वापरू नका, ‘आय डोन्ट थिंक इट्स द नेटवर्क’ म्हणा. ‘कम्स थ्रू’ म्हणजे मंजुरी हाती येणे आणि ‘फॉल्स थ्रू’ म्हणजे ठरलेले फिसकटणे. दोन्हीत ‘थ्रू’ असूनही अर्थ उलट. शेवटच्या वाक्यात पुढचे पाऊल आणि त्याची वेळ आहे. पाच वाक्यांत आठ क्रियापदे आली, तरी एकही सजावटीचे नाही. एखादे काढले तर माहिती कमी होते. तुमच्या अपडेटचीही हीच चाचणी घ्या.

कॉलमधली नेहमीची वाक्ये वेगळी पाठ करून टाका, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. मध्ये बोलायचे असेल तर ‘कॅन आय जंप इन हिअर?’. आवाज तुटत असेल तर ‘यू आर ब्रेकिंग अप’, क्षणभर गेला असेल तर ‘यू कट आउट फॉर अ सेकंड’. तुमचा कॉल तुटून परत जोडला तर ‘सॉरी, आय गॉट कट ऑफ’. लवकर निघायचे असेल तर ‘आय हॅव टु ड्रॉप ऑफ ॲट टेन टु’.

सगळीकडे ही क्रियापदे वापरू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे. कॉलवर स्पेन किंवा ब्राझीलचे लोक असतील तर तुमचे ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’, ‘इन्व्हेस्टिगेट’ त्यांना अधिक सोपे जातात, कारण त्यांच्या भाषांत लॅटिनमधून आलेले जवळचे शब्द आहेत. ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’ त्यांनाही पाठच करावे लागतात. करार, कामाची कार्यपद्धती, बिघाडाचा अहवाल यांतही एकार्थी क्रियापदच हवे. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी तयार झालेले एएसडी-एसटीई१०० हे सोप्या इंग्रजीचे मानक अशी जोडक्रियापदे टाळायलाच सांगते. तिथे वाचणारा जगात कुठलाही असतो आणि अर्थ चुकला तर काम चुकते. ब्रिटिश आणि अमेरिकन एकत्र असतील तर ‘टेबल’ या क्रियापदापासूनही दूर राहा. ब्रिटनमध्ये मुद्दा ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला घेणे, अमेरिकेत बाजूला ठेवणे.

शिकायची रीत सांगतो. आठवड्याला पाच, सहा आठवड्यांत तीस. ती पुस्तकातून निवडू नका, तुमच्याच कॉलमधून निवडा. टीम्स किंवा झूमवर लेखी उतारा मिळत असेल तर तो शुक्रवारी उघडा आणि क्लायंटने किमान दोनदा वापरलेली पाच क्रियापदे काढा. प्रत्येकाचे त्याने बोललेले पूर्ण वाक्य लिहा, खाली तुमच्या चालू कामाचे एक वाक्य, आणि तिसरे ‘इट’ घालून. सोमवारच्या अपडेटमध्ये त्यांतली दोनच वापरा, पाचही कोंबू नका. पहिला आठवडा वेळेच्या शब्दांना द्या: ‘पुश बॅक’, ‘ब्रिंग फॉरवर्ड’, ‘होल्ड ऑफ’, ‘हेल्ड अप’, ‘कॉल ऑफ’. कॉलला बसण्याआधी कॅलेंडर उघडे ठेवा, म्हणजे ‘फ्रॉम’ आणि ‘टु’च्या तारखा शोधायला वाक्य मध्येच सोडावे लागणार नाही.